प्रतिजैविक मलम आणि डोळ्यांचे थेंब: गावातल्या घरात ते सुरक्षितपणे कसे वापरावेत

विदर्भातल्या बहुतेक घरांत देवळीत किंवा फळीवर अर्धवट पिळलेली मलमाची ट्यूब आणि तळाशी थोडे थेंब उरलेली डोळ्यांची बाटली सापडते. ती कोणासाठी आणली होती, कधी उघडली होती, आतले औषध नेमके कशावरचे आहे, हे घरातल्या कोणाला नक्की सांगता येत नाही. तरीही पुढच्या वेळी कोणाचा डोळा लाल झाला की हात आधी तिच्याकडेच जातो. दवाखाना दूर असतो, मजुरी बुडते आणि बाटली समोर दिसते, त्यामुळे असे घडणे समजण्यासारखे आहे. परंतु थेंब कसे टाकावेत हे शिकण्याआधी ते टाकावेत की नाही हे ठरवता आले पाहिजे, कारण डोळ्याच्या बाबतीत चुकीच्या थेंबांनी होणारे नुकसान अनेकदा थेंब न टाकल्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असते. म्हणून या लेखात आधी निर्णयाविषयी लिहिले आहे आणि नंतर पद्धतीविषयी.

हे औषध कशावर चालते

प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, केवळ जिवाणूंवर काम करते. विषाणू, बुरशी, ॲलर्जी, डोळ्यात गेलेला कचरा किंवा वाढलेला दाब यांपैकी कशावरही त्याचा उपयोग होत नाही. लालसर डोळा मात्र या सगळ्यांत सारखाच दिसू शकतो, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो.

पावसाळ्यात येणाऱ्या डोळ्यांचेच उदाहरण घ्या. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली आणि आपल्याकडे बुलडाणा जिल्ह्यात तिचा जोर विशेष होता. अशा साथी बहुतेक वेळा विषाणूंमुळे येतात. डोळ्यातून पाणी वाहते, वाळू गेल्यासारखे खुपते, एका डोळ्यातून त्रास दुसऱ्यात जातो आणि एक-दोन आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. प्रतिजैविक थेंबांनी हा काळ कमी होत नाही. स्वच्छ पाण्यात भिजवलेल्या थंड घड्या, रुग्णासाठी वेगळा टॉवेल आणि उशी, वारंवार साबणाने हात धुणे आणि मुलाला काही दिवस शाळेत न पाठवणे, एवढे पुरेसे असते. याउलट घट्ट, पिवळसर-हिरवट पू येत असेल आणि सकाळी पापण्या चिकटून बसत असतील, तर जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता वाढते. तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेले प्रतिजैविक खरोखर कामाचे ठरते. दोन्ही डोळ्यांना प्रचंड खाज येत असेल आणि दरवर्षी ठरावीक दिवसांतच त्रास होत असेल, तर तो बहुधा ॲलर्जीचा असतो आणि त्याचे औषध वेगळे आहे.

साथीच्या दिवसांत एकच बाटली घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत फिरवण्याची सवय तर सर्वांत घातक आहे. बाटलीचे टोक एकाच्या पापणीला लागले की ती बाटलीच पुढच्या माणसापर्यंत रोग नेऊन पोहोचवते.

नवजात बाळाची गोष्ट वेगळी आहे. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत बाळाच्या डोळ्यातून पू येऊ लागला किंवा पापण्या सुजल्या, तर घरात काहीही न टाकता त्याच दिवशी बाळाला रुग्णालयात न्यावे. आईचे दूध, मध किंवा काजळ घालून वाट पाहण्याचा हा प्रसंग नाही. काही जिवाणू अशा कोवळ्या डोळ्याचे बुबुळ एक-दोन दिवसांत भेदतात.

शेतात डोळ्याला लागले तर

आपल्या भागात डोळे गमावण्याचे जे कारण सर्वांत जास्त टाळता येण्यासारखे आहे, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागते, तुरीच्या कापणीत फांदी उलटून येते, सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरमधून भुसा उडतो, गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाचे कुसळ डोळ्यात जाते, तेंदूपाने तोडताना डहाळी बसते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, अशा वेळी ओरखडतो. ओरखडा लहान असला तरी वनस्पतीच्या त्या तुकड्यासोबत फ्युजारियम किंवा ॲस्परजिलस यांसारख्या बुरशीचे बीजाणू आत जाऊ शकतात आणि काही दिवसांनी तिथे पांढरट जखम तयार होते. गावात यालाच ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. बुरशीच्या या जखमेवर प्रतिजैविक थेंब निरुपयोगी असतात. तिला नॅटामायसिनसारखे बुरशीविरोधी थेंब लागतात, तेही अनेकदा दर तासाला आणि कित्येक आठवडे.

ही जखम खऱ्या अर्थाने बिघडते ती स्टेरॉइडमुळे, म्हणजे सूज आणि लाली दाबणाऱ्या औषधामुळे. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी थेंबांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड मिसळलेले असते. ते टाकले की लाली आणि दुखणे काही तासांत कमी होते, रुग्णाला बरे वाटते आणि तो पुन्हा शेतात जातो. आत मात्र डोळ्याची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी मोकळेपणाने पसरत राहते. नागीण वर्गातल्या विषाणूच्या जखमेतही हेच होते. शिवाय असे थेंब महिनोन्‌महिने टाकत राहिल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो आणि मोतीबिंदू लवकर पिकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. ‘लगेच आराम पडला’ हे डोळ्याच्या औषधाचे प्रमाणपत्र मानू नये.

मग काडी लागल्याबरोबर काय करावे? डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने तो हलकेच धुवावा. दुपट्ट्याच्या टोकाने, आगपेटीच्या काडीने किंवा जिभेने कण काढण्याचा प्रयत्न करू नये. वरवरचा कण पाण्याने निघाला नाही, किंवा निघूनही टोचणे, पाणी येणे आणि उजेड सहन न होणे सुरूच राहिले, तर त्याच दिवशी अथवा फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतपासणी करून घ्यावी. ही घाई का करायची, याला आधार आहे. नेपाळमधल्या भक्तपूर येथे झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षित गावकर्‍यांनी ओरखडा ओळखून पहिल्या काही तासांतच १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचे डोळ्याचे मलम दिवसातून ३ वेळा, ३ दिवस लावले, तेव्हा लवकर आलेल्या रुग्णांत जखम चिघळली नाही. म्हणजे प्रतिजैविकाला इथे महत्त्वाची जागा आहे. पण ती ताज्या ओरखड्यात, ओरखडा तपासून ओळखल्यावर, स्टेरॉइडविना आणि मोजक्या दिवसांसाठी. पांढरा डाग दिसू लागल्यानंतर तीच ट्यूब घरी लावत बसणे म्हणजे उपचाराचे दिवस वाया घालवणे होय.

लोखंडाचा कण, तार किंवा खिळा डोळ्यात घुसला असेल, तर थेंब, मलम, धुणे यांपैकी काहीही करू नये. डोळ्यावर दाब येणार नाही अशा बेताने कागदी कपाचा तळ किंवा तसेच काही टणक आच्छादन ठेवून रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

रसायन उडाले तर मात्र पाणी हेच औषध आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधा आपल्या सर्वांच्या स्मरणात आहेत. फवारणीचे द्रावण, बॅटरीचे ॲसिड किंवा तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी फुटून डोळ्यात गेलेला चुना, यांपैकी काहीही असो, डोळा उघडा धरून त्यावर स्वच्छ पाण्याची धार किमान १५ ते ३० मिनिटे सोडावी, पापणी उलटवून चुन्याचे कण ओल्या कापसाने काढावेत आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. चुन्याची इजा विशेष वाईट, कारण तो आत आत शिरत राहतो. लहान मुलांच्या हाताला चुन्याची डबी लागेल अशी ठेवू नये. तूप, दूध, गुलाबजल किंवा कोणतेही थेंब शोधण्यात गेलेली मिनिटे इथे नजरेच्या किमतीची असतात. कीटकनाशक अंगावरही उडाले असेल तर कपडे बदलून अंघोळ घालावी आणि मळमळ, घाम, बाहुली बारीक होणे अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खोक्यावर काय वाचावे

डोळ्यांचे प्रतिजैविक थेंब हे कायद्याने ‘शेड्यूल एच’ मधले औषध आहे, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. मेडिकलवाले भाऊ ओळखीने ते देतात, हे खरे. पण तुम्ही स्वतः चिठ्ठीचा आग्रह धरला आणि बिल मागितले, तर औषध कोणते आहे, कोणत्या बॅचचे आहे याची नोंद तुमच्याजवळ राहते.

खोक्यावरची नावे बहुधा इंग्रजीत छापलेली असतात, म्हणून घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ती मोठ्याने वाचून घ्यावीत. मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीने ठेवलेले असते; त्याखाली बारीक अक्षरांत घटकांची नावे असतात आणि आपल्याला तीच हवी असतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, जेंटामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही प्रतिजैविके आहेत. त्यांच्यापुढे अधिक चिन्ह असेल तर त्यानंतरचे नाव सावकाश वाचावे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लोरोमेथोलोन ही स्टेरॉइडे आहेत. ‘सोन’ किंवा ‘लोन’ने संपणारे नाव दिसले की ते बहुधा स्टेरॉइड असते, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले. काही डोळ्यांच्या विकारांत आणि शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर स्टेरॉइड मुद्दाम देतात, त्याला भिण्याचे कारण नाही. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आजीसाठी आणलेली बाटली नातवाच्या लाल डोळ्यात टाकली जाऊ नये, यासाठी आजीचा उपचार संपताच ती नष्ट करावी.

पुढची गोष्ट म्हणजे ‘ऑफ्थॅल्मिक’ किंवा ‘आय’ हा शब्द. तो असेल तरच औषध डोळ्यात घालावे. त्वचेची ट्यूब, कानाचे थेंब आणि गोठ्यात गाईसाठी ठेवलेले औषध डोळ्यात कधीही घालू नये, कारण ती डोळ्यासाठी निर्जंतुक केलेली नसतात आणि त्यांतले काही घटक बुबुळ भाजतात. तात्काळ चिकटवणाऱ्या गोंदाची छोटी बाटली आणि थेंबांची बाटली अंधारात हाताला सारखीच लागते. दोन्ही एका फळीवर ठेवू नयेत आणि दिवा लावून, नाव वाचून मगच झाकण उघडावे.

मुदत संपण्याची तारीख पाहावीच, पण ती तारीख न उघडलेल्या बाटलीसाठी असते. उघडल्यानंतर बहुतेक बाटल्या २८ दिवसांत, म्हणजे चार आठवड्यांत, टाकून द्याव्या लागतात. खोक्यावर याहून कमी मुदत दिली असेल तर ती पाळावी. बाटली उघडली त्याच क्षणी चिकटपट्टीच्या तुकड्यावर तारीख आणि रुग्णाचे नाव लिहून ते बाटलीवर चिकटवावे. द्रव गढूळ झाला, रंग बदलला किंवा आत तंतू तरंगताना दिसले, तर मुदत शिल्लक असली तरी ती वापरू नये. निलंबन (सस्पेन्शन) स्वरूपाचे, म्हणजे द्रवात औषधाचे बारीक कण तरंगत असलेले औषध मात्र मुळातच पांढरट असते आणि ते वापरण्यापूर्वी हलवावे लागते. तसे खोक्यावर लिहिलेले असते.

थेंब टाकण्याची रीत

नवी बाटली उघडण्यापासूनच चूक होते. अनेक बाटल्यांच्या टोकाला छिद्र नसते. झाकणाच्या आत एक अणकुचीदार दांडी असते आणि झाकण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने शेवटपर्यंत घट्ट फिरवले की ती टोकाला बारीक छिद्र पाडते. हे माहीत नसल्याने लोक सुई, सेफ्टी पिन, इतकेच काय बाभळीचा काटाही वापरतात. त्यामुळे जंतू आत जातात आणि छिद्र मोठे झाल्याने थेंबही मोठा पडतो.

साबण लावून हात धुवावेत आणि स्वच्छ कापडाला पुसावेत. डोळ्यात पू किंवा चिपडे असतील तर उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने, नाकाकडून कानाच्या दिशेने, एकाच फटकाऱ्यात पुसावेत. दुसऱ्या डोळ्यासाठी नवा कापूस घ्यावा. पुवाच्या थरावर टाकलेले औषध डोळ्यापर्यंत पोहोचत नाही.

आता रुग्णाने खाटेवर उताणे पडावे किंवा बसून मान मागे टाकावी आणि छताकडे पाहावे. एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढली की पापणी आणि डोळा यांच्यामध्ये छोटी खोबण तयार होते. बाटली उलटी करून टोक डोळ्यापासून एक-दोन सेंटीमीटर वर धरावे आणि त्या खोबणीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणी, बुबुळ, बोट किंवा केस यांना लागता कामा नये. अमेरिकेत २०२३ साली दूषित कृत्रिम अश्रूंच्या थेंबांमुळे औषधांना न जुमानणाऱ्या स्युडोमोनास जिवाणूची साथ पसरली, त्यात काहींची नजर गेली आणि काहींचा जीवही गेला. तिथे दोष कारखान्यातला होता, परंतु बाटलीत शिरलेले जंतू डोळ्याचे काय करू शकतात हे त्यावरून कळते.

एकच थेंब का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. एका थेंबात साधारण ३० ते ५० मायक्रोलिटर द्रव असतो आणि डोळ्याच्या त्या खोबणीत जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटरच्या आसपास मावते. दुसरा थेंब पहिल्याला गालावर ढकलून देतो. औषध वाया जाते आणि महागड्या बाटलीचे चार दिवस कमी होतात.

थेंब पडल्यावर डोळा हलकेच मिटावा. घट्ट आवळू नये, पटापट उघडझाप करू नये. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटे अलगद दाब द्यावा. तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते. ती बंद राहिली तर औषध डोळ्यात टिकते, घशात कडू चव येत नाही आणि शरीरात कमी शोषले जाते. दोन वेगवेगळे थेंब टाकायचे असतील तर मध्ये किमान ५ मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरे औषध पहिल्याला धुऊन काढते. थेंब आणि मलम दोन्ही असतील तर आधी थेंब टाकावेत आणि दहाएक मिनिटांनी मलम घालावे. शेवटी टोक न पुसता, न धुता झाकण लावावे आणि हात पुन्हा धुवावेत.

रडणाऱ्या, हात झटकणाऱ्या मुलाच्या पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत. त्याला उताणे झोपवून, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवावा. मूल डोळा उघडते तेव्हा थेंब आपोआप आत जातो. वृद्ध आजोबांचा हात कापत असेल तर त्यांनी बाटलीचा हात कपाळावर टेकवून धरावा किंवा हे काम सुनेकडे, नातवाकडे सोपवावे. बाटली थंड असेल तर थेंब पडल्याचे लगेच जाणवते, याचाही म्हाताऱ्या माणसांना उपयोग होतो.

वेळा पाळण्याची अडचण खरी आहे. सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळी परततो आणि दुपारचा थेंब राहतो. डॉक्टरांना आपल्या दिवसाची रीत आधीच सांगावी, म्हणजे शक्य असल्यास ते त्याप्रमाणे वेळा बसवून देतात. विसरलेला थेंब आठवल्यावर टाकावा, पुढच्या वेळी दोन टाकून भरपाई करू नये. सांगितलेले दिवस पूर्ण करावेत आणि त्यानंतर थांबावे; ‘राहिलेच आहेत तर संपवू’ म्हणून पुढे टाकत राहू नये. दोन दिवस टाकूनही सुधारणा दिसत नसेल किंवा डोळा अधिकच सुजत असेल, तर औषधाचीच ॲलर्जी असू शकते. बाटली घेऊन परत जावे.

डोळ्यातले मलम घालताना रीत तीच, फक्त थेंबाऐवजी खालच्या पापणीच्या खोबणीत साधारण १ सेंटीमीटर लांबीची वळी नाकाकडून बाहेरच्या बाजूला सोडायची आणि डोळा मिटून बुबुळ सावकाश फिरवायचे. मलमाने काही वेळ धूसर दिसते. त्यानंतर मोटारसायकल चालवू नये, विळा-कोयता हातात घेऊ नये. म्हणून शक्यतो ते झोपताना घालावे. क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम मऊ कॅप्सूलमध्येही मिळते. ती एकदाच वापरण्यासाठी असते. टोक स्वच्छ कात्रीने कापावे, कापलेली कड डोळ्याला लागू देऊ नये आणि उरलेले मलम संध्याकाळसाठी जपून ठेवू नये.

उन्हाळ्यात औषध कुठे ठेवावे

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाच्या छपराखालची खोली त्याहून तापते. बहुतेक औषधे २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्यास सांगितलेली असतात. क्लोरॅम्फेनिकॉलसारखे काही थेंब तर २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. मोटारसायकलची डिक्की, ट्रॅक्टरचा टूलबॉक्स, चुलीजवळची देवळी आणि खिडकीतली उन्हाची जागा या औषध निकामी करणाऱ्या जागा आहेत.

फ्रिज असेल तर दारातल्या कप्प्यात, झाकणबंद डब्यात बाटली ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. फ्रिज नसेल तर ज्या थेंबांना फ्रिजची गरज नाही तेच लिहून देण्याची डॉक्टरांना विनंती करावी, असा पर्याय बहुतेक वेळा असतो. अशी बाटली घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात घालून घरातल्या सर्वांत आतल्या, अंधाऱ्या खोलीत ठेवावी, किंवा एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू भरून तिच्या मध्यभागी दुसरे लहान मडके बसवावे आणि तो डबा त्यात ठेवून वर ओले फडके झाकावे. अशा मडक्यात फ्रिजइतके थंड होत नाही, पण खोलीपेक्षा तापमान बरेच कमी राहते. पाणी डब्यात शिरणार नाही एवढे पाहावे.

त्वचेवरचे मलम

लहानशा कापल्या-खरचटल्याला प्रतिजैविक मलम लागतेच असे नाही. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट धुणे, माती काढणे, कोरडी टिपणे आणि स्वच्छ पट्टीने झाकणे, हे मुख्य काम आहे. स्वच्छ जखमेवर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर बऱ्याचदा पुरतो. हळद, राख, चहापत्ती, तंबाखू, चुना जखमेत भरू नये. शेणामातीशी संबंध येणाऱ्या आपल्या कामांत धनुर्वाताचा धोका कायम असतो, म्हणून जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि गेल्या काही वर्षांत इंजेक्शन घेतलेले नसेल, तर उपकेंद्रात जाऊन ते घ्यावे. मलम धनुर्वात रोखत नाही.

डॉक्टरांनी म्युपिरोसिन, फ्युसिडिक ॲसिड किंवा फ्रामायसेटिन दिले असेल तर हात धुऊन, जखम धुऊन, ट्यूबचे तोंड जखमेला न लावता थोडे मलम स्वच्छ बोटावर किंवा गॉझवर घ्यावे आणि पातळ थर द्यावा. जाड थराने जखम लवकर भरत नाही, उलट ओलसर राहून पांढरी पडते. म्युपिरोसिन साधारणपणे ५ ते १० दिवसांपुरतेच वापरायचे असते. ते महिनाभर लावत राहिले की त्याला दाद न देणारे जिवाणू उरतात आणि उद्या खरोखर गरज पडेल तेव्हा औषध हातात राहत नाही. निओमायसिन किंवा त्या जातीची मलमे मोठ्या, सोललेल्या भागावर लावू नयेत. ती रक्तात शोषली जाऊन कान आणि मूत्रपिंड यांना इजा करू शकतात. याच निओमायसिनची ॲलर्जी अनेकांना येते. जखमेभोवती खाज सुटते, पुरळ पसरते, आणि घरचे लोक संसर्ग वाढला समजून आणखी मलम लावतात. अशा वेळी मलम थांबवून दाखवावे.

भाजल्यावर आधी २० मिनिटे साधे थंड पाणी ओतावे. बर्फ, टूथपेस्ट किंवा तेल लावू नये. सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम घरोघरी असते, पण सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी, दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रियांनी आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी ते वापरू नये. गळू किंवा केसतूड आतून पिकलेले असते, वरून लावलेले मलम तिथपर्यंत जात नाही. शेकावे, पिळू नये, आणि मोठे असेल तर डॉक्टरांकडून त्याचा निचरा करून घ्यावा. कुत्रा चावला असेल तर १५ मिनिटे साबण-पाण्याने जखम धुऊन लगेच रेबीजच्या लसीसाठी जावे. साप चावल्यावर मलमाचा विचारही करू नये.

गजकर्णासाठी मेडिकलमधून मागितली जाणारी ‘खाजेची ट्यूब’ हा आपल्याकडचा मोठा प्रश्न आहे. तिच्यात अनेकदा क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कोंबलेले असते. खाज थांबते, पण गजकर्ण पसरत राहते, जांघेतली कातडी पातळ होऊन तिला भेगा पडतात. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ज्या ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत अशा प्रकारची मलमेही होती. तरीही स्टेरॉइड असलेली ट्यूब चिठ्ठीविना मागण्याची सवय गेलेली नाही. गजकर्णाला केवळ बुरशीविरोधी औषध, तेही चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही दिवस, आणि घरातल्या बाधित माणसांचा एकाच वेळी उपचार लागतो. तसेच फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कोणतेही मलम न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करावी. कुष्ठरोग गडचिरोली-चंद्रपूरसह आपल्या भागात अजूनही आढळतो आणि त्याची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मधुमेहींनी पायाच्या छोट्या जखमेवरही घरी मलम लावत दिवस काढू नयेत.

कधी निघावे आणि सोबत काय न्यावे

डोळा दुखत असेल, नजर कमी झाली असेल, उजेड सहन होत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, पापणी सुजून ताप आला असेल, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल, तर घरचे थेंब थांबवून त्याच दिवशी निघावे. पहिली चौकशी आशाताईंकडे किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे करावी. पुढे पाठवले तर सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रात्री सल्ला हवा असेल तर १०४ या आरोग्य क्रमांकावर फोन करता येतो. जखमी डोळ्यावर कापूस घालून घट्ट पट्टी बांधू नये. काळा चष्मा पुरतो.

निघताना आतापर्यंत डोळ्यात किंवा जखमेवर घातलेल्या सगळ्या बाटल्या, ट्यूब आणि खोकी, रिकामी असली तरी, एका पिशवीत घालून न्यावीत आणि कोणते औषध किती दिवस, दिवसातून किती वेळा घातले ते सांगावे. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले असेल किंवा मांत्रिकाने काही घातले असेल तर तेही लपवू नये. कोणी रागावले तरी चालेल. बुबुळाच्या जखमेतून बारीकसा नमुना घेऊन बुरशी आहे की जिवाणू हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते, आणि आधी काय घातले हे माहीत असेल तरच त्या तपासणीचा अर्थ डॉक्टरांना नीट लावता येतो. परत आल्यावर जुन्या बाटल्या झाकण लावून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकाव्यात. विहिरीत, नाल्यात किंवा गोठ्याजवळ टाकू नयेत, आणि प्लॅस्टिक चुलीत जाळू नये.